पावसाच्या तोंडावरची ओटी

आमच्या कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये पावसाळ्यात मुलं छत्र्या उघडून चालतात. 'आमच्या' म्हटलं खरं, पण मी तिथे शिकलो नाही आणि शिकवलंही नाही. मी ती इमारत काढली. आमच्या आर्किटेक्ट साहेबांनी ती डोक्यात उभी केली आणि त्यांच्या ऑफिसातला ड्राफ्ट्समन म्हणून मी ती कॉम्प्युटरवर काढली. तिसऱ्या मजल्यावर एक पाटी आहे: 'कॉरिडॉरमध्ये छत्री मिटू नये, मजला घसरडा होतो.' नवीन माणूस ती वाचून हसतो. मी गेली कित्येक वर्षं तिच्यासमोरून खाली मान घालून जातो. पाटी प्राचार्यांनी लावली, पण ती लावायची वेळ माझ्यामुळे आली. हे मी आजवर दोनदाच बोललो आहे, एकदा एका मीटिंगमध्ये आणि एकदा एका मावशींपुढे. आता तिसऱ्यांदा लिहितो आहे.

नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाला अशा गोष्टींचं फारसं नवल वाटत नाही, हे आधी सांगायला हवं. हे शहर आधी कागदावर झालं आणि मग जमिनीवर, त्यामुळे कागदावरची माणसं इथे फार सुखी आहेत. मी कामोठ्याला राहतो. आमच्या सोसायटीसमोरचा फूटपाथ इतका उंच आहे की आई त्यावर आधी बसते, मग पाय खाली सोडते आणि मग उतरते. तो पुढे जाऊन विजेच्या डीपीला धडकतो आणि तिथेच संपतो. सेक्टरांचे नंबर ओळीने लावलेले असतील असा माझा साताऱ्याहून आल्या आल्या समज होता. रिक्षावाल्यांनी तो पहिल्याच आठवड्यात काढून टाकला. आमचं ऑफिस जुईनगरला. तिथे रोज रस्ता ओलांडताना मी मनात म्हणतो, हा कुणीतरी माझ्यासारख्यानंच काढला असेल. त्यालाही कुठेतरी जायची घाई असेल.

मला जत्रेला जायची घाई होती.

कॉलेजची जागा खाडीच्या बाजूला होती. पश्चिमेला खारफुटी आणि खाडी, पूर्वेला स्टेशन आणि त्यामागे डोंगर. साहेबांचा पहिला नकाशा फार चांगला होता. पाऊस आणि वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून त्या अंगाला त्यांनी जाड भिंत ठेवली होती आणि भिंतीत वर लहान खिडक्या. उघडा कॉरिडॉर पूर्वेला, डोंगराकडे तोंड करून. टॉयलेटही पूर्वेच्या कोपऱ्यात, म्हणजे वारा वास घेऊन बाहेरच्या बाहेर जाईल. त्यांनी हे सगळं मला उभ्या उभ्या समजावलं होतं आणि मीही मान हलवली होती.

मग संस्थेचे अध्यक्ष एक मोठा नकाशा घेऊन आले. त्यात पश्चिमेला, थेट खारफुटीतून, एक रुंद रस्ता गुलाबी रंगात दाखवला होता. खाली लिहिलं होतं 'प्रस्तावित'. अध्यक्ष म्हणाले, "हायवेला जोडणारा रस्ता आहे. उद्या सगळी दुनिया इथून जाणार. आपल्या कॉलेजचं तोंड तिकडंच पाहिजे." साहेबांनी खूप समजावलं. शेवटी तडजोड झाली आणि साहेब मला म्हणाले, "पोर्च आणि एंट्रन्स हॉल तेवढा पश्चिमेला घ्या. बाकी प्लॅनला हात लावू नका."

हे दोन दिवसांचं काम होतं. हॉल हलला की जिना हलतो आणि जिना हलला की वर्गांच्या भिंती. दुसऱ्या दिवशी आमच्या गावची जत्रा होती. मेव्हणा कळंबोलीला टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन उभा होता आणि दर दहा मिनिटांनी फोन करत होता. "दाजी, बोकड तुमच्यासाठी थांबणार नाही हां!"

कॉम्प्युटरवर मिरर नावाची एक सोय असते. अख्खं चित्र निवडायचं, एक रेघ दाखवायची, बटण दाबायचं. उजवं डावीकडे जातं आणि डावं उजवीकडे. पोर्च पश्चिमेला गेला. त्याच्याबरोबर कॉरिडॉर गेला, टॉयलेट गेलं, आणि जाड भिंत निवांत पूर्वेला, डोंगराच्या गार सावलीत जाऊन बसली. अक्षरं उलटी होत नाहीत, तसं सेटिंग असतं. उत्तरेचा बाण उभा होता आणि चित्र आडवं उलटलं, त्यामुळे बाणाला काहीच झालं नाही. कागदाकडे पाहून कुणाला संशय यावा असं त्यात काही नव्हतं. 'बाकी प्लॅनला हात लावू नका' हे मला आठवत नव्हतं असं नाही. मी मनात म्हटलं, परत आल्यावर बघू. साहेबांनी पोर्च पाहिला, बाण पाहिला, सही केली. मी जत्रेला गेलो. मटण चांगलं झालं होतं, हेही कबूल करतो.

परत आल्यावर मी ते बघितलं नाही. दुसरी कामं होती.

काही महिन्यांनी जागेवर चुन्याची आखणी झाली आणि खड्डे खणले. काँक्रीट दोन दिवसांनी पडणार होतं. मी खड्ड्यांची मापं तपासत होतो. शेजारच्या गावातली एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन बांधावरून चालली होती. ही जमीन आधी तिच्याच कुटुंबाची होती, हे मला नंतर कळलं. ती थांबली आणि चुन्याच्या रेघा बघत राहिली.

"दादा, हे लांबलचक काय हाय?"

"कॉरिडॉर. म्हणजे ओटी समजा."

"वटी? तिकरं?" तिनं खाडीकडे हात केला. "तिकरशी तं पाऊस येतं. आमच्या घराला तिकरं खिरकीपन नाय."

मी हसलो. शहाण्या माणसासारखं हसलो, ते हसू मला अजून आठवतं. म्हणालो, "ताई, कॉम्प्युटरवर काढलंय सगळं."

"कॉम्प्युटर भिजतं काय?" ती म्हणाली आणि भारा सावरत निघून गेली.

ती वळणावर दिसेनाशी व्हायच्या आत मला कळलं होतं. मी नकाशा उघडला, खाडीकडे पाहिलं, डोंगराकडे पाहिलं. खड्डे मोकळे होते. साहेबांना एक फोन केला असता तर आखणी पुसून पुन्हा झाली असती. फार तर मला बोलणी खावी लागली असती, फार तर नोकरी गेली असती. मी मोबाइल खिशातून काढला आणि परत ठेवला. नुसतं बटण दाबलं ती चूक होती. तिला गुन्हा म्हणण्याइतका मी कठोर नाही. पण त्यानंतरचे दोन दिवस मी जे केलं त्याला दुसरा शब्द मला सापडत नाही.

प्लिंथ झाल्यावर साहेब आले. नव्या जोत्यावर पश्चिमेकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले. मी त्यांच्या पाठीमागे. शेवटी ते म्हणाले, "इथून खाडी छान दिसते." एवढंच. त्यांना कळलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. आता ते घरी असतात, ऑफिस त्यांची मुलगी चालवते.

इमारत झाली, उद्घाटन झालं, आणि आषाढात खाडीवरून पाऊस आडवा आत आला. तिन्ही मजल्यांवर. तो वर्गांच्या दारांपर्यंत यायचा आणि दारं फुगून बंद होईनाशी व्हायची. मग सुरू झाले उपाय, आणि त्या प्रत्येक उपायासाठी मलाच बोलावणं यायचं, कारण 'इमारतीची माहिती त्यांनाच आहे'. आधी निळी ताडपत्री लावली, ती वाऱ्याने फाडली. मग ॲडमिशनचे जुने फ्लेक्स बांधले. दोन वर्षं कॉरिडॉरमध्ये गुणवंत विद्यार्थ्यांचे भिजलेले चेहरे फडफडत होते. मग पारदर्शक पत्रे ठोकले. पाऊस थांबला, पण मार्चमध्ये कॉरिडॉरची भट्टी झाली. तेव्हा पत्र्यांना हवेसाठी भोकं पाडली. भोकांतून कबुतरं आली. कबुतरांसाठी जाळ्या लावल्या. शेवटी पत्रे काढले आणि जाळ्या राहिल्या. आता पाऊस जाळीतून गाळून येतो.

टॉयलेटवरून येणारा वारा थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरतो. ते दिवसभर धूप लावतात आणि पालकांना वाटतं, सर फार धार्मिक आहेत. वर्गांच्या खिडक्या डोंगराच्या बाजूला, पण भिंतीत इतक्या वर आणि लहान, की डोंगर फक्त फळा पुसायला स्टुलावर चढणाऱ्याला दिसतो.

आणि रस्ता? रस्ता अजून प्रस्तावित आहे. भव्य पोर्चसमोर संस्थापकांचा पुतळा हात उंचावून खारफुटीकडे पाहत उभा आहे, जणू एखाद्या खेकड्याला थांबवतोय. पोर्चमध्ये आजवर एकही गाडी लागलेली नाही. स्टेशन पूर्वेला असल्यामुळे सगळी मुलं, सगळे प्राध्यापक आणि खुद्द अध्यक्ष जाड भिंतीतल्या एका छोट्या दारातून आत येतात. ते दार जनरेटरसाठी ठेवलं होतं. एकदा तपासणीसाठी बाहेरून कमिटी आली. नेमका हिवाळा होता, संध्याकाळचं ऊन खाडीवर पडलं होतं. त्यांनी अहवालात लिहिलं की ही इमारत निसर्गाला निर्भयपणे सामोरी जाते. ते वाक्य प्रॉस्पेक्टसच्या पहिल्या पानावर छापलं गेलं. मी ते ऑफिसात वाचलं आणि पाणी प्यायला उठलो.

गवताचा भारा घेऊन जाणारी ती बाई याच इमारतीत सफाईच्या कामाला लागली. तिला आता सगळं कॉलेज मावशी म्हणतं, मीही. मी दुरुस्तीला गेलो की त्या तिसऱ्या मजल्यावर हातात वायपर घेऊन पाणी ओढताना दिसायच्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाणी ओढत न्यायचं, आणि मागे वळून पाहावं तर पहिलं टोक पुन्हा ओलं. पावसाला त्या पाव्हना म्हणायच्या. "आला पाव्हना. बसाया सांगलं नाय तरी बसतं." एका पावसाळ्यात त्या घसरल्या आणि खुब्यावर पडल्या. तेव्हापासून डावा पाय ओढत चालतात. मी फळं घेऊन भेटायला गेलो होतो. त्या मलाच समजावू लागल्या. "तुमी कशाला तोंड पारता सायेब? तुमाला मोठे सायेब सांगतील तसं तुमी काढनार. तुमचा काय दोष?"

मी म्हणालो, "तसं नाही मावशी." त्या म्हणाल्या, "तसंच हाय." त्या दिवशी मी त्यांच्याकडून चहा पिऊन आलो. तो चहा माझ्या आणखी एका गप्प बसण्याच्या खात्यात जमा आहे.

गेल्या वर्षी दुसऱ्या इमारतीचं ठरलं. मॅडमनी, म्हणजे साहेबांच्या मुलीने, मला सांगितलं, "अध्यक्षांना सेम टू सेम हवीय. जुनी फाइल काढा, शेजारी कॉपी करा. आठवड्यात होईल." मी जागेची मापं घ्यायला गेलो तेव्हा मावशी खूश होत्या. त्यांना आता हे काम झेपत नव्हतं. "नव्या बिल्डिंगीला सुनेला घेनार हायत," त्या म्हणाल्या. "कायमची. मी गेल्यावर तिचं चालंल."

घरी येताना मला एकच दिसत होतं, तोच कॉरिडॉर आणि तोच वायपर, फक्त हात तरुण. फाइल माझ्या कॉम्प्युटरमध्ये होती. कॉपी करायला मिररपेक्षाही एक बटण कमी लागतं.

मीटिंग संस्थेच्या ऑफिसात झाली. अध्यक्ष, प्राचार्य, मॅडम आणि मी. अध्यक्ष म्हणाले, "पहिल्या बिल्डिंगीनं आम्हाला भरभरून दिलं. एक वीटसुद्धा बदलायची नाही."

मी उभा राहिलो. उभं राहायची गरज नव्हती. "सर, पहिली इमारत उलटी झाली आहे."

"उलटी?" प्राचार्यांनी नकळत छताकडे पाहिलं.

"पूर्वेचं सगळं पश्चिमेला गेलंय. माझ्या हातून. कॉरिडॉर मागच्या बाजूला असायला हवा होता. पाऊस आत आलाच नसता."

"आणि तो... वास?" प्राचार्यांनी विचारलं.

"तोही माझ्यामुळेच."

"अहो, मी इतकी वर्षं धूप लावतोय!" ते कळवळून म्हणाले. मग एकदम त्यांना आठवलं. "आणि प्रॉस्पेक्टस? निर्भयपणे सामोरी जाते, त्याचं काय करायचं?"

मॅडम माझ्याकडे पाहत होत्या. हळूच म्हणाल्या, "बाबांना माहीत होतं?"

"मी विचारलं नाही," मी म्हणालो. त्यांनी मान खाली घातली आणि कागदावर रेघा ओढू लागल्या.

मला वाटलं होतं, आरडाओरड होईल, मला बाहेर काढतील. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "झालं ते झालं. हे बाहेर बोलू नका, ॲडमिशनचे दिवस आहेत. आणि ज्या उलट्या बिल्डिंगीनं यश दिलं, तशीच दुसरी काढा."

इतक्या वर्षांनी तोंड उघडलं, आणि माझी चूक ही त्यांची परंपरा झाली होती! मी घाबरत घाबरत पुढे बोलत राहिलो. नवी इमारत जुनीच्या शेजारी न बांधता तिच्या पश्चिमेला, खाडीच्या अंगाला बांधा. पुतळा मधल्या चौकात येईल. नवीचा कॉरिडॉर पूर्वेला ठेवा, जाड भिंत खाडीकडे. नवी कोरडी राहील आणि जुनीच्या अंगावर येणारा पाऊसही बराचसा अडवेल.

"म्हणजे रस्त्याला पाठ?" अध्यक्ष दचकले.

"कुठल्या रस्त्याला, सर?"

"होणाऱ्या!" त्यांनी भिंतीवरच्या नकाशाकडे बोट दाखवलं. गुलाबी रंग उडून पांढरट झाला होता. "उद्या रस्ता झाला आणि लोकांना आपली नुसती भिंत दिसली तर?"

पाऊण तास आम्ही नसलेल्या रस्त्यावरून जाणाऱ्या नसलेल्या लोकांना काय दिसेल यावर बोललो. मावशींचं नाव निघालं नाही. मीच एकदा काढलं, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "त्यांना चांगले बूट देऊ."

शेवटी मॅडमनी कागद पुढे सरकवला. त्यावर जाड भिंत होती आणि भिंतीला बाहेरून चिकटवलेला खांबांचा भव्य पोर्च. "तोंड रस्त्याकडेच राहील," त्या म्हणाल्या.

अध्यक्षांनी कागद न्याहाळला. "याच्यामागे दार कुठाय?"

"दार नाही," मी म्हणालो. "दार ठेवलं तर पाऊस आत येईल."

त्यांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला. "फोटोत कळतं का, दार नाही ते?"

"नाही सर. सावली पडते."

"मग ठीक आहे."

अशा रीतीने मी आयुष्यात पहिल्यांदा समजून-उमजून एक मूर्खपणा काढला, आणि काढताना मला लाज वाटली नाही. सगळा नकाशा मी रेघ-रेघ नव्याने काढला. मिररला हात लावला नाही.

मावशींना सांगायचं राहिलं होतं. एका दुपारी तिसऱ्या मजल्यावर गेलो. त्या जाळीखालचं पाणी ओढत होत्या. मी सगळं सांगितलं. जत्रा, बटण, मोठ्या साहेबांचा दोष नव्हता ते. त्या वायपरवर भार टाकून ऐकत होत्या. मला वाटलं, 'मी तवाच बोललेली' असं म्हणतील. त्या दुसरंच बोलल्या.

"मी बोलली तवा खड्डे भरलेले काय?"

सगळ्या गोष्टीतला नेमका तोच प्रश्न त्यांनी विचारला. "नव्हते," मी म्हणालो. "दोन दिवस होते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. वळल्या आणि पाय ओढत पाणी ओढू लागल्या. मी जिन्यापर्यंत त्यांच्या मागे गेलो, मग थांबलो. पुढचे कित्येक महिने मी साइटवर गेलो की त्या दुसऱ्या मजल्यावर असायच्या. मी दुसऱ्यावर गेलो की पहिल्यावर.

नव्या इमारतीची आखणी झाली त्या सकाळी त्या स्वतःहून आल्या, सुनेला बरोबर घेऊन. मजूर चुना टाकत होता. मी मापाची टेप धरून उभा होतो. त्या चुन्याच्या रेघांच्या कडेनं सगळीकडे फिरल्या. खाडीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, डोंगराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मग सुनेला म्हणाल्या, "यांना इचार, वटी कुठं हाय ती. पन आधी तू बघ."

सून लाजली. मी पूर्वेकडची लांब रेघ दाखवली. "ही."

मावशींनी ती रेघ दोनदा चालून पाहिली. मग पश्चिमेच्या भिंतीबाहेर चार खांबांचे चौकोन त्यांना दिसले. "नि ही तिकरची वटी कोनाची, दादा?"

इतक्या वर्षांनी त्यांनी मला दादा म्हटलं होतं. मी म्हणालो, "ती रस्त्यासाठी आहे."

"कुठला रस्ता?"

"येणार आहे."

"तिच्यातशी आत कसं जायाचं?"

"जाता येत नाही. दार नाही तिला."

त्यांनी खाडीकडे पाहिलं. मग पदर तोंडाला लावून हसू लागल्या. सून विचारत राहिली, "काय झालं? काय झालं?"

"काय नाय गो," त्या म्हणाल्या. "पाव्हन्याला बसाया बाहेरच्या बाहेर जागा केली यानं."